नाकाने वाचलेली मुंबई

मराठी समीक्षेला डोळे आहेत, दृष्टी आहे, आणि दृष्टिकोन तर इतके आहेत की ठेवायला जागा पुरत नाही. कानही असावेत, कारण ती पुष्कळदा ऐकीव माहितीवर चालते. नाक मात्र तिला फक्त मुरडण्यापुरतं दिलेलं आहे. एखाद्या कादंबरीवर चार परिसंवाद होतात. तिच्यातली महानगरीय संवेदना, तिच्यातलं तुटलेपण, तिच्यातलं मूल्यांचं विघटन यांचा यथेच्छ कीस पडतो. पण ही कादंबरी ज्या शहरात घडते त्या शहराला वास कसला येतो, एवढं साधं विचारायला कुणी उठत नाही. उठलाच कुणी, तर अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात.

मला हा प्रश्न विचारता येतो, कारण मी कुंभार पिंपळगावला राहतो. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. ज्यांना पत्ता लागत नसेल त्यांच्यासाठी खूण सांगतो: समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात, आमच्या शेजारी. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच समर्थ तिथून निघाले ते थेट नाशिकला पोचले, अशी कथा आहे. आमच्या भागातल्या तरुणाने लग्नाच्या कारणावरून शहर गाठल्याचं हे पहिलं उदाहरण. पोरं अजूनही निघतच असतात. फरक एवढाच, की समर्थ लग्न टाळायला निघाले आणि हल्लीची पोरं लग्न जमावं म्हणून निघतात. शेती किती, हे मुलीचा बाप आता दुसऱ्या नंबरला विचारतो. पहिला प्रश्न, ‘मुलगा कुठं असतो?’ ‘इथंच असतो’ म्हटलं की चहा येतो. पोहे येत नाहीत.

तेव्हा शहर हा आमच्या दृष्टीने साहित्यिक विषय नसून जीवनमरणाचा आहे. आणि म्हणूनच, शहराबद्दल मराठीत काय काय लिहून ठेवलंय ते मी गेली कित्येक वर्षं वाचत आलो. त्या वाचनाचा हा जमाखर्च.

माझं म्हणणं असं, की शहर माणसात शिरतं ते आधी नाकातून, मग कानातून, मग कातडीतून, मग जिभेवरून. डोळ्यांची पाळी अगदी शेवटी. डोळ्याला शहराचं अगोदरच सगळं ठाऊक असतं. गेटवे ऑफ इंडिया आम्ही कॅलेंडरवर पाहिलेला असतो, मरीन ड्राइव्ह सिनेमात पाहिलेला असतो. ती प्रत्यक्ष दिसली की माणूस फार तर ‘हां, हेच ते’ म्हणतो आणि शेंगा खायला लागतो. पण कॅलेंडराला वास नसतो. तिथं शहराला बनवाबनवी करता येत नाही.

रात्रीच्या एस.टी.त डुलकी लागलेली असते, काचा खडखडत असतात, शेजाऱ्याचं डोकं आपल्या खांद्यावर हक्काने विसावलेलं असतं. अशा वेळी जालना आलं हे मला कधी पाटी वाचून कळलेलं नाही. आधी तापलेल्या लोखंडाचा वास येतो. जालन्याला सळया ओढणाऱ्या रोलिंग मिला आहेत, त्यांचा हा वास. मग हॉर्न एकमेकांत मिसळायला लागतात. मग पायावर कुणाची तरी ट्रंक येते. मग माणूस उतरून नळाचं पाणी पितो, आणि जीभ सांगते की गाव मागे राहिलं. यानंतर डोळे उघडायचे ते फक्त चपला शोधायला.

पुस्तकात क्रम बरोबर उलटा असतो. नायक खिडकीशी उभा राहतो. खिडकी हे मराठी शहरी कथेतलं सर्वांत वापरात असलेलं फर्निचर आहे. खुर्चीदेखील एवढी वापरलेली नाही. खिडकीतून त्याला दिवे दिसतात, इमारती दिसतात, मुंग्यांसारखी माणसं दिसतात, आणि एकटं वाटतं. अरे, वाटणारच! खाली उतर, कुणाचं तरी कोपर बरगडीत बसू दे, म्हणजे एकटेपणा दोन मिनिटांत जाईल.

डोळ्याचं हे वेड मराठीला जन्मापासून नव्हतं. आमच्या गोदावरीकाठालाच त्याचा पुरावा आहे. पैठण हे एके काळी मोठं शहर, आणि त्या शहराचे लेखक म्हणजे नाथ. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे ओरडत, गात, वाजवत गेलं, ते नाथांच्या भारुडांत शिरलं. वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी, पिंगळा. लोक त्यात अध्यात्म शोधतात, आणि ते आहेच. पण आधी तो एका शहराच्या आवाजाचा दस्तऐवज आहे. ध्वनिमुद्रणाचं यंत्र निघायला अजून तीनशे वर्षं होती, तोवर हे काम नाथांनी वहीवर केलं. पैठणचे वाडे कसे होते हे भारुडावरून मला सांगता येणार नाही, पण दारावर कोण काय म्हणत आलं ते सांगता येईल. शहर ऐकणारा हा पहिला मोठा मराठी लेखक आमच्या बाजूचा निघावा, याचा मला थोडा प्रादेशिक अभिमान आहे. मराठवाड्याच्या वाट्याला अभिमानाचे प्रसंग कमी येतात, म्हणून आले की मी नोंदवून ठेवतो.

शिवाय आमच्या नाकाचा इतिहास मुंबई-पुण्याच्या नाकापेक्षा वेगळा. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘शहर’ म्हणजे हैदराबाद. परतूरच्या रेल्वे स्टेशनावर उभं राहिलं की एका बाजूला रूळ सिकंदराबादेकडे जातात, दुसऱ्या बाजूला मनमाडकडे, म्हणजे पर्यायाने मुंबईकडे. आजोबांचं नाक कायम पहिल्या दिशेला वळलेलं. खटल्याच्या तारखेला जाऊन आले की त्यांच्या कोटाला अत्तराचा आणि इराणी चहाचा वास येई, असं आत्या सांगायची. खटला हरले तरी वास यायचाच. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबई आमची राजधानी झाली. सरकारी हुकमाने राजधानी बदलते, नाक बदलत नाही. आजोबा शेवटपर्यंत मुंबईला ‘खारट गाव’ म्हणत. मराठी साहित्यात हैदराबादचा वास फार थोडा आहे. आम्हीच तो लिहून ठेवायचा होता. पण आमच्या लोकांनी अर्ज लिहिले, साहित्य कमी लिहिलं.

मुंबईचा हिशेब मात्र मोठा आहे. तो सुरू होतो गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’पासून. साल १८६३. माडगांवकर मूळचे गोव्याकडचे. मुंबई पाहून जो माणूस चकित झाला आणि चकित होऊनही ज्याचं मोजमाप सुटलं नाही, असा हा गृहस्थ. काय काय आहे, किती आहे, कुणी बांधलं, खर्च किती आला. हे पुस्तक वाचताना नवीन घरात आलेल्या पाहुण्याची आठवण येते. तो कपाटं उघडून पाहतो, नळ सोडून पाहतो आणि ‘हे इथं कसलं येतंय?’ असंही विचारतो. घरचे लोक ते विचारत नाहीत.

यातून मी एक समीक्षेचा नियम काढला आहे. कुणाला हवा असेल तर नाव न घेता वापरावा. नाकाचा स्वभावच असा आहे की एकच वास काही मिनिटं सलग आला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. मासळीबाजारात राहणाऱ्याला मासळी येत नाही, अत्तरवाल्याला अत्तर येत नाही. म्हणून शहराचा वास लिहावा तो पाहुण्याने. शहरात जन्मलेल्याला दिसतं पुष्कळ, वास येत नाही.

नियम तपासून पाहा. मर्ढेकर खानदेशात जन्मलेले. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून पायी मुंबईला आलेले. पायी आलेल्या माणसाला रस्ता तळव्यांतून कळतो, हा त्यात आणखी एक गुण. बाबूराव बागूल नाशिककडचे. नामदेव ढसाळ पुण्याजवळच्या पूर गावचे. जी मुंबई नाकाला झोंबते ती या लोकांनी लिहिली. बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं, चांगलं लिहिलं, पण ते वाचताना रुमाल लागत नाही.

मर्ढेकरांची ती पिंपात मेलेल्या ओल्या उंदरांची कविता घ्या. प्राध्यापकांच्या तीन पिढ्यांनी त्या उंदरांचे अर्थ लावले. यंत्रयुगातला माणूस, महायुद्धानंतरचा माणूस, मूल्यहीन माणूस. उंदीर सोडून सगळं. ओला उंदीर पिंपात मरून पडला की घराचं काय होतं, हे प्राध्यापकांनी घर झाडणाऱ्या बाईला विचारावं. तो उंदीर आधी वास आहे, प्रतीक नंतर. ही कविता वाचून जुन्या रसिकांनी जे नाक मुरडलं, त्याला मी मराठीतली अत्यंत प्रामाणिक समीक्षा मानतो. त्यांना खरोखरच वास आला होता. नंतर आलेल्यांना अर्थ कळला आणि वास गेला.

मर्ढेकर पोटापाण्यासाठी आकाशवाणीत होते, हेही विसरू नये. दिवसभर आवाजात काम करणारा माणूस. त्यांनी सौंदर्यशास्त्रावर लिहिताना लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. एम.ए.ची मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यांना कुणी बसस्टँडवर नेऊन शिकवत नाही. कुठलाही बसस्टँड घ्या. डिझेल आणि इंजिनातलं जळकं तेल, हा संवाद. त्यात शेजारच्या बाकावरच्या म्हातारीने मोसंबी सोलली, हा विरोध. आणि एका विशिष्ट कोपऱ्यातला वास दाबून टाकण्यासाठी दुसऱ्या बाजूने जे फिनाइल ओतलेलं असतं, तो समतोल. सिद्धान्त शंभर टक्के बरोबर आहे. मर्ढेकरांना हे उदाहरण चाललं असतं की नाही सांगवत नाही. त्यांचा कल कानाकडे आणि डोळ्याकडे होता. नाकाला तर सौंदर्यशास्त्रातसुद्धा मागच्या बाकावरच बसवतात.

मोसंबीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दादर स्टेशनबाहेर रसाच्या दुकानापुढून जाताना मला एकदा साल सोलल्याचा वास आला, आणि त्या गर्दीत माझं सगळं अंग क्षणभर घनसावंगीच्या बागेत जाऊन आलं. मागच्याने ढकललं म्हणून परत आलो. हा अनुभव कोणत्या वादात बसतो, हे समीक्षकांनी सांगावं. नॉस्टॅल्जिया म्हणू नये; खिशात परतीचं तिकीट होतं.

बरं, मराठीत वासाला शब्द कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. कुबट, खवट, आंबूस, करपट, ओशट, मातकट, उग्र, खमंग. पण नीट पाहा: हे सगळे शब्द स्वयंपाकघरात, गोठ्यात नाहीतर अडगळीच्या खोलीत जन्मले. मराठी माणूस शहरात गेला तो नाकासाठी घरचीच भांडीकुंडी घेऊन. लोकलच्या डब्यात, पावसाळ्यात, संध्याकाळी सात वाजता ओल्या छत्र्या, घाम, मोगऱ्याचा गजरा, डब्यात उरलेली भाजी आणि कुणाच्या तरी पिशवीतले बोंबील यांचा मिळून जो एकच एक वास होतो, त्याला आमच्याकडे शब्द नाही. ‘कुबट’ म्हणावं तर गजऱ्यावर अन्याय होतो.

ढसाळांनी ही अडचण सरळ सोडवली. घरातले शब्द पुरत नाहीत ना, मग रस्त्यावरचे आणा. १९७२चं ‘गोलपिठा’ उघडलं की मध्यमवर्गीय वाचक पहिल्या पानावरच अडखळतो, कारण शब्द त्याच्या शब्दकोशातले नाहीत. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तिची थोरवी ही, की तेंडुलकर तिथं जाणकाराचा आव आणत नाहीत. आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारतात. वाचकाच्या वतीने कुणीतरी नाकावरचा रुमाल काढून आत जावं, तसं ते वाटतं. गोलपिठा मला सगळा कळला असं नाही. पण तो आला. कळणं आणि येणं यांत फरक आहे. पावसाचा वास येतो, कळत नाही.

कानाच्या खात्यावर मात्र जमा बरी आहे. पु.लं.ची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ची. विनोदी पुस्तक म्हणून ते सगळ्यांना पाठ आहे, पण माझ्या मते ते भिंतींबद्दलचं पुस्तक आहे. चाळीच्या भिंती इतक्या पातळ की एका बिऱ्हाडाचा संकल्प दुसऱ्या बिऱ्हाडात विनोद होऊन पोचतो. ‘उपास’ घ्या. एकाने वजन कमी करायचं ठरवलं आणि सल्ला द्यायला अख्खी चाळ हजर. आमच्या गावात हे पारावर होतं. शहरात त्यासाठी चाळ बांधावी लागली. पु.ल. वाचताना मला सगळं ऐकू येतं, भजी तळल्याचीसुद्धा चुर्र ऐकू येते. वास मात्र येत नाही. किंवा येतो तेवढा खमंगच येतो. मोठा लेखक, पण पाहुण्यांसाठी घर झाडून ठेवणारा. भाऊ पाध्यांनी ते झाडलं नाही. ‘वासूनाका’ १९६५ला आलं, तेव्हा नाक्यावरच्या पोरांची बोली जशी कानावर पडते तशी कागदावर पडली, आणि पुष्कळांचे कान दुखले. मला त्यात अश्लीलतेपेक्षा मोठी गोष्ट वाटते ती ही, की पाध्ये मधे पडत नाहीत. आपण पानटपरीजवळ उभे असतो आणि बोलणं कानावर येतं, एवढंच.

आता माझ्या नियमाला बसलेला धक्का. तो दिला नारायण सुर्व्यांनी. सुर्वे पाहुणे नाहीत. गिरणगावात अर्भकावस्थेत सापडले, एका गिरणीकामगाराने वाढवलं. मुंबईच्या बाहेरचं गावच त्यांना नाही. नियमाप्रमाणे त्यांचं नाक मेलेलं असायला हवं. पण ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) किंवा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) वाचा. शहर अंगाला लागतं. मी यावर बरेच दिवस विचार केला. स्पष्टीकरण मला सापडलं नाही, माझ्या पुतण्याला सापडलं.

पुतण्या वाळूजला असतो. छत्रपती संभाजीनगरच्या (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं, जीभ शासननिर्णय वाचत नाही) औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात प्रेसवर. पत्र्याचे भाग दाबून काढतात, तिथं. दिवाळीला आला की मी त्याला पुस्तकं देतो. कारण समीक्षकाला एक तरी असा वाचक लागतो ज्याने समीक्षा वाचलेली नाही. ‘बटाट्याची चाळ’ वाचून तो हसला आणि ‘आमच्या खोलीतबी असंच’ म्हणाला. खिडकीवाल्या नायकाची एक कादंबरी दिली, ती तिसऱ्या दिवशी परत आली. "नाना, ह्याला कामून कुठं जायचं नसतं?" सुर्वे दिले. रात्री वाचले. सकाळी दात घासता घासता म्हणाला, "हा माणूस डबा घेऊन गेलेलाय."

झालं. नियम दुरुस्त झाला. पाहुणा असण्याची गरज नाही. डबा घेऊन गेलेला असला पाहिजे. जो कामाला जातो त्याच्या नाकाला, कानाला, पाठीला शहर रोज नव्याने सापडतं, कारण रोज ते त्याच्याकडून काहीतरी घेत असतं. मराठी समीक्षेने अनुभवाची प्रामाणिकता, अनुभवाची कलात्मक पुनर्रचना असे मोठमोठे शब्द तयार केले. त्या सगळ्यांचं काम या चार शब्दांत होतं. मी ते विद्यापीठाला कळवणार होतो, पण टपाल महाग झालंय.

पुतण्या हल्ली उजवा कान पुढे करून बोलतो. डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही. त्याची आई म्हणते, शहरात गेल्यापासून घुम्या झाला. तो घुम्या झालेला नाही. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या रोगांची खबर सरकारला द्यावी लागे त्या यादीत, आवाजाने येणारा बहिरेपणा लिहिलेला होता. १९४८चा कायदा होता तो, २०२५पर्यंत चालला. साहित्याच्या कुठल्याच अनुसूचीत हे सापडत नाही. यंत्राची घरघर कवितेत पुष्कळ आली, तिला लय आहे, ताल आहे, वगैरे. ती ऐकणाऱ्याच्या कानाचं पुढे काय झालं, हे विचारायला कवी परत गेला नाही. नाथांनी बहिऱ्यावरसुद्धा भारूड रचलं. अर्थात त्यांच्या बहिऱ्याला अध्यात्माचं निमित्त होतं, आमच्याला शिफ्टचं.

आणि हे सगळं लिहून ठेवायची घाई आहे, कारण शहराच्या चिजा डोळ्यादेखत जातात असं आपण म्हणतो, पण खरं तर त्या नाकाकानादेखत जातात. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. तिचे फोटो आहेत. तिचा खडखडाट ज्यांच्या कानात आहे ती माणसं आता थकली. १८ जानेवारी १९८२ला गिरणीसंप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. पुढे गिरण्या गेल्या. काही चिमण्या उभ्या आहेत, त्या पाहायला लोक येतात, फोटो काढतात. भोंगा पाहता येत नाही. ज्या आवाजावर लाखो घरांत चुली पेटत होत्या तो आवाज आता फक्त त्या काळच्या पुस्तकांत शिल्लक आहे, आणि लेखकाने तेव्हा कान उघडे ठेवले असतील तरच. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९पासून चालू होता, २०१६मध्ये बंद झाला. डोळे मिटून लोकलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला पार्लं आलं हे सांगायला तो वास पुरे होता. भाजलेल्या पिठासाखरेचा वास असलेलं रेल्वे स्टेशन जगात किती असतील? आणि त्यावर मराठीत किती पानं आहेत? मी वाचलेल्यांत बोटांवर मोजण्याइतकीही सापडली नाहीत. खिडक्यांवर आहेत, रग्गड.

तुम्ही म्हणाल, कुंभार पिंपळगावच्या माणसाला पार्ल्याच्या बिस्किटांची एवढी पंचाईत का? त्याचं असं आहे, की शहर आता आमच्याकडेच निघालंय, आणि तेही अर्थातच आधी नाकाने. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर गाड्या लागतात आणि मंच्युरियनचा वास सुटतो. चीनमध्ये न जन्मलेला, १९७०च्या दशकात मुंबईत जन्मलेला हा चिनी पदार्थ. त्या वासाच्या मागोमाग हॉर्न आला, डीजे आला. गळिताच्या दिवसांत वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो तो वेगळाच. धड गाव नाही, धड शहर नाही, असा एक तिसराच वास तयार झालाय. ग्रामीण साहित्य त्याला शहरी म्हणून घेत नाही, शहरी साहित्य ग्रामीण म्हणून घेत नाही. महाराष्ट्रातली अर्धी माणसं आज या वासात राहत असतील, आणि तो अजून कुणाच्याच हद्दीत नाही.

गावाच्या नावातला कुंभार अजून आहे. आव्याचा धूर पूर्वीसारखा येत नाही, पण उन्हाळ्यात माठांपुरता आणि पोळ्याला मातीच्या बैलांपुरता येतो. मातीची भांडी गावात कुणी घेत नाही, स्टील घेतात. मी त्याला सांगितलं, की पुण्यात मातीचा पेला भट्टीत लाल करतात, त्यात चहा ओततात, आणि त्या मातकट वासाचे लोक वेगळे पैसे देतात. उत्तरेत कनौजला तर भाजलेल्या मातीचं अत्तर काढून बाटलीत भरतात. त्याने चाक थांबवलं नाही. "वासाचे पैसे?" म्हणाला. "मग माह्याकडं लई थकबाकी हाय लोकाची."

यंदा दिवाळीत पुतण्याला मी एक अगदी ताजी कादंबरी दिली. शहरावरचीच. पाठीमागच्या मजकुरात ‘महानगरीय संवेदनेचा तळठाव’ असं छापलेलं होतं. वाळूजला त्यांच्या खोलीत चार पोरं आणि दोन खाटा आहेत. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला. एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो, त्यामुळे खाट कधी गार होत नाही. थंडीत बरं वाटतं म्हणे, उन्हाळ्यात दुसऱ्याच्या अंगाच्या उबेवर झोप येत नाही. हे तो मला तक्रार म्हणून सांगत नव्हता. कादंबरीतल्या नायकाला रात्रभर झोप का येत नाही, ते आपण दोघं मिळून शोधत होतो. नायकाच्या अंतर्मनात मी बरंच खोलवर गेलो. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत राहिला, मग म्हणाला,

"नाना, एवढं नका शोधू. खाट गरम होती का गार, तेवढं लिहिणाऱ्याला इचारा."

प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं आहे. उत्तर यायचंय.